मान्सून, समीकरणे आणि शिकणारे यंत्र

वातावरणाची पुढची स्थिती आधी सांगण्याचे दोन मार्ग हवामानशास्त्रात पूर्वीपासून चालत आले आहेत. पहिल्या मार्गाचा अभ्यासक वाऱ्याची गती, उष्णतेची देवाणघेवाण, बाष्पाचे ढगांत आणि ढगांचे पावसात होणारे रूपांतर यांचे भौतिक नियम समीकरणांत मांडतो आणि आजची मोजलेली स्थिती त्यांत घालून उद्याची स्थिती गणिताने काढतो. दुसऱ्या मार्गाचा अभ्यासक मागील अनेक वर्षांच्या नोंदी चाळून कोणत्या स्थितीमागून कोणती स्थिती येते याचे नमुने शोधतो आणि त्या नमुन्यांच्या आधारे पुढचे अनुमान करतो. १९५० मध्ये एनिॲक या संगणकावर गणिती अंदाजाचा पहिला प्रयोग यशस्वी झाल्यापासून सुमारे सत्तर वर्षे पहिल्या मार्गाचीच सरशी होत राहिली; गेल्या काही वर्षांत मात्र दुसरा मार्ग यंत्रशिक्षणाच्या रूपाने नव्या सामर्थ्यानिशी पुढे आला आहे आणि या दोहोंमधला जुना वाद पुन्हा ऐरणीवर आला आहे.

या वादातील दोन संज्ञा आरंभीच स्पष्ट करून घेतल्या पाहिजेत. विदा म्हणजे मोजमापांच्या नोंदींचा संगणकाला वाचता येईल असा साठा. तापमान, वायुदाब, आर्द्रता, वारा, पाऊस, समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता या सर्वांच्या नोंदी त्यात येतात. यंत्रशिक्षण म्हणजे संगणकाला नियम आधी न सांगता असंख्य उदाहरणे दाखवणे, त्याच्या अनुमानात आणि प्रत्यक्षात किती अंतर पडले ते मोजणे, आणि ते अंतर घटेल अशा रीतीने त्याच्या आतले अंक थोडे थोडे बदलत जाणे. हे अंक, ज्यांना भार म्हणतात, लाखो-कोट्यवधींच्या संख्येने एकमेकांशी जोडले की न्यूरल नेटवर्क तयार होते, आणि अशा जाळ्याला दोन राशींमधले अत्यंत गुंतागुंतीचे संबंधही पकडता येतात.

या पद्धतीची खरी कसोटी पाहायची तर भारतीय मान्सूनइतके योग्य क्षेत्र दुसरे नाही, कारण येथे नोंदींची परंपरा दीर्घ आहे, अंदाज चुकल्याची किंमत मोठी आहे आणि नमुन्यांवर भिस्त ठेवून अंदाज करण्याचा अनुभव शंभर वर्षांहून जुना आहे. पुढील संवादात या दोन भूमिका दोन कल्पित अभ्यासकांच्या मुखी घातल्या आहेत. त्यांपैकी एक वातावरणगतिकीचे ज्येष्ठ अध्यापक आहेत आणि दुसरी विदाविश्लेषणात काम करणारी तरुण संशोधक आहे.

जुन्या अंदाजांचा धडा

अध्यापक : यंत्रशिक्षणाचे जे स्वागत चालले आहे त्यात एका गोष्टीचा विसर पडलेला दिसतो. नोंदींतून नमुने काढून मान्सून सांगण्याचा प्रयोग या देशात पूर्वीच झाला आहे आणि त्याचा निकालही लागला आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यानंतर सरकारने हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे पावसाच्या पूर्वानुमानाचे काम सोपवले, आणि हिमालयातील बर्फ जास्त असेल तर पुढचा मान्सून क्षीण असतो या संबंधावर त्यांनी १८८६ पासून नियमित अंदाज दिले. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती हवामानखात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी जगभरच्या केंद्रांवरचा वायुदाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी घेऊन भारतीय पावसाशी त्यांचा सहसंबंध, म्हणजे एक राशी वाढली की दुसरी कितपत नेमाने वाढते किंवा घटते याचे माप, काढायला आपल्या कर्मचाऱ्यांना बसवले. निवडलेल्या राशींचे समीकरण झाले आणि अंदाज निघू लागले. पण काही वर्षांतच त्यांतील कित्येक संबंध क्षीण झाले, काही तर उलटले. वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये सोळा घटकांचे प्रारूप, म्हणजेच मॉडेल, वापरात आले. त्याने अनेक वर्षे बरा अंदाज दिला आणि २००२ मध्ये ते साफ कोसळले. त्या वर्षी दीर्घकालीन सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता, प्रत्यक्षात ८१ टक्के झाला, आणि ऐन पेरणीनंतरचा जुलै जवळजवळ अर्धा कोरडा गेला. नमुना सापडणे आणि कारण सापडणे यांतला फरक या इतिहासाने पुरेपूर दाखवला आहे.

संशोधक : सर, इतिहास आपण सांगितला तसाच आहे, परंतु त्यातून निघणारा धडा थोडा निराळा आहे. १९०१ पासून आजवर मान्सूनचे जेमतेम सव्वाशे हंगाम मोजले गेले आहेत, म्हणजे हंगामी पावसाचा अंदाज शिकवायला सव्वाशेच उदाहरणे हाती आहेत. इतक्या थोड्या उदाहरणांना लावून पाहण्यासाठी दोनशे राशी घेतल्या, तर त्यांचा पावसाशी काडीचाही संबंध नसला तरी शंभरात पाच या नेहमीच्या निकषाने त्यांतल्या दहा राशी निव्वळ योगायोगाने संबंधित दिसतील. उदाहरणे थोडी आणि जुळवायचे अंक फार असले की संगणक नियम शिकण्याऐवजी उत्तरे घोकतो आणि नवा प्रश्न आला की चुकतो. या दोषाला अतिअनुरूपण म्हणतात. वॉकर यांना हा धोका स्वतःला दिसत होता. अनेक सहसंबंधांमधून सर्वांत मोठा निवडला तर तो खरा आहे की योगायोगाचा, हे ठरवण्याची कसोटी त्यांनीच १९१४ मध्ये मांडली होती. तेव्हा जुन्या अंदाजांचे अपयश नमुने शोधण्याचे नव्हते. अपुऱ्या नोंदींवर फार मोठी इमारत उभी केल्याचे होते.

अध्यापक : नोंदी पुरेशा असत्या तरी संबंध कायम टिकले असते, याची हमी कोणी द्यायची?

संशोधक : हमी नाही, पण नमुन्यातून कारणापर्यंत पोहोचता येते याचा दाखलाही त्याच इतिहासात आहे. पावसाचा अंदाज करता करता वॉकर यांना प्रशांत महासागराच्या पूर्वेकडचा वायुदाब चढला की हिंदी महासागराकडचा उतरतो, आणि उलटही घडते, असा एक प्रचंड झोका आढळला आणि १९२४ च्या सुमारास त्यांनी त्याला दक्षिणी आंदोलन हे नाव दिले. त्याचे कारण त्यांना ठाऊक नव्हते, आणि त्या काळच्या अनेकांनी त्यावर विश्वासही ठेवला नाही. १९६९ मध्ये याकोब ब्यर्कनेस यांनी प्रशांत महासागराचे पाणी तापवणाऱ्या एल निनोशी या आंदोलनाचा भौतिक दुवा जोडून दाखवला. नमुना आधी सापडला आणि नियम पंचेचाळीस वर्षांनी हाती आला. नमुना नाकारला असता तर नियमाचा शोध कोणी घेतलाच नसता.

अध्यापक : तो दुवा कळल्यावरही काय झाले ते पाहावे लागेल. १९९७ चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निनोंपैकी एक होता, तरी त्या वर्षी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा एल निनो मध्यम होता आणि देशाने दुष्काळ पाहिला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील के. कृष्णकुमार यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले की एल निनो आणि मान्सून यांचा संबंध अलीकडच्या दशकांत सैल झाला आहे. नोंदींवर शिकलेल्या यंत्राला हा सैलपणा घडून गेल्यावर कळेल. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतल्या तापमानाचा फरक, ज्याला हिंदी महासागरी द्विध्रुव म्हणतात, १९९७ मध्ये मान्सूनला अनुकूल होता हे लक्षात आल्यावर त्या वर्षीच्या कोड्याचा बराचसा उलगडा झाला, आणि तो उलगडा समुद्र व वारे यांच्या भौतिकीमुळे पटला.

यंत्र काय शिकते आणि कोणाकडून शिकते

संशोधक : हंगामी पावसाचा प्रश्न कठीण आहे हे मान्य केले तरी पुढच्या दहा दिवसांच्या अंदाजात चित्र पालटले आहे, कारण तेथे उदाहरणांचा तुटवडा नाही. युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राने इरा-५ हा संच तयार केला आहे. त्यात १९४० पासूनच्या प्रत्येक तासाची जगभरच्या वातावरणाची स्थिती सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर दिलेली आहे. गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्ट या प्रारूपाने १९७९ ते २०१७ या काळातली विदा घेतली. दर सहा तासांची एक स्थिती धरली तरी ही सुमारे ५७ हजार उदाहरणे होतात, आणि प्रत्येक उदाहरणात पृथ्वीवरच्या दहा लाखांहून अधिक बिंदूंवरची मोजमापे आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांनुसार हे प्रारूप दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका यंत्रावर एका मिनिटाच्या आत देते, आणि तपासलेल्या १,३८० बाबींपैकी सुमारे ९० टक्के बाबींत ते युरोपीय केंद्राच्या प्रतिष्ठित भौतिक प्रारूपापेक्षा सरस ठरले. खुद्द त्या केंद्राने फेब्रुवारी २०२५ पासून स्वतःचे यंत्रशिक्षित प्रारूप भौतिक प्रारूपाच्या जोडीला रोजच्या वापरात आणले. ज्यांनी आयुष्यभर समीकरणे सोडवली त्यांनीच हे पाऊल उचलले, याला काही अर्थ आहे.

अध्यापक : अर्थ आहेच, पण इरा-५ म्हणजे काय याचाही विचार व्हावा. पृथ्वीच्या प्रत्येक बिंदूवर दर तासाला कोणी तापमापी घेऊन उभे नसते. जहाजे, विमाने, फुगे, उपग्रह आणि वेधशाळा यांच्या विखुरलेल्या नोंदी भौतिक प्रारूपात घालून, नियमांशी आणि नोंदींशी एकाच वेळी जास्तीत जास्त सुसंगत अशी स्थिती काढली जाते; या प्रक्रियेला पुनर्विश्लेषण म्हणतात. जेथे नोंद नाही तेथली जागा समीकरणांनी भरलेली असते. म्हणजे यंत्र ज्याच्याकडून शिकले तो गुरू भौतिकीच आहे. रोजचा अंदाज सुरू करताना लागणारी आजची स्थितीही अजून बहुतांशी भौतिक प्रारूपांच्याच साहाय्याने तयार होते. पूर्वजांनी साठवलेल्या भांडवलावर व्यवसाय करणाऱ्याने ते भांडवल आता निरुपयोगी झाले असे म्हणू नये.

संशोधक : असे म्हणणारे चुकतात, यात शंका नाही. परंतु भौतिक प्रारूपही वाटते तितके निखळ नियमांचे नसते. हवामानबदलासाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक जागतिक प्रारूपांच्या जाळीचा एक चौकोन सुमारे शंभर किलोमीटरचा असतो, आणि पावसाळी ढग काही किलोमीटरचा. त्या चौकोनाच्या पोटात ढग किती, पाऊस किती, हे समीकरणांनी थेट काढता येत नाही म्हणून मोठ्या राशींवरून त्याचा अदमास बांधणारी सूत्रे घालतात आणि त्या सूत्रांतले अंक निरीक्षणांशी मेळ बसेपर्यंत हाताने फिरवतात. याला प्राचलीकरण म्हणतात. अनुभवावरून अंक जुळवण्याचेच हे काम आहे. यंत्रशिक्षण ते अधिक शिस्तीने आणि अधिक नोंदी वापरून करते इतकेच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूरलजीसीएम या प्रारूपात वाऱ्याची आणि दाबाची समीकरणे जशीच्या तशी ठेवली आहेत आणि चौकोनाच्या आतल्या सूक्ष्म प्रक्रियांचा भाग न्यूरल नेटवर्ककडे सोपवला आहे. दोन्ही पक्षांनी आपापले सामर्थ्य एकत्र आणण्याचा हा मार्ग आहे.

सरासरीत हरवणारी अतिवृष्टी

अध्यापक : ज्या दिवसांसाठी लोकांना अंदाज हवा असतो ते दिवस सरासरीचे नसतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच काळात, त्याच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला असलेल्या कुलाब्यात तो ७४ मिलिमीटरच्या आसपास होता. ग्राफकास्टच्या जाळीचा एक चौकोन सुमारे २५ किलोमीटरचा आहे. म्हणजे बुडालेले उपनगर आणि जवळजवळ नेहमीसारखे चाललेले दक्षिण टोक एकाच चौकोनात किंवा शेजारच्या दोन चौकोनांत येतात. त्यातच या यंत्रांना शिकवताना चूक मोजण्याची जी रीत बहुधा वापरतात तीत अनुमान आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकाचा वर्ग करून त्याची सरासरी काढतात. मुसळधार पाऊस नेमका सांगितला पण जागा वीस किलोमीटरने हुकली, तर यंत्राला दोनदा दंड होतो, एकदा जेथे सांगितला तेथे न पडल्याबद्दल आणि पुन्हा जेथे पडला तेथे न सांगितल्याबद्दल. हा दंड टाळायला यंत्र पाऊस पसरून, सौम्य करून सांगायला शिकते. गुणपत्रिका उत्तम दिसते आणि अतिवृष्टी नाहीशी होते.

शिवाय जे कधी पाहिले नाही ते यंत्राला सुचेल काय, हा प्रश्न उरतोच. २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फोरकास्टनेट या प्रारूपाला शिकवताना तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीची सर्व प्रबळ चक्रीवादळे विदेतून काढून टाकली. पुढे पाचव्या श्रेणीचे वादळ समोर आले तेव्हा त्या यंत्राने ते येणार हे ओळखले, पण त्याचा जोर सतत कमी लेखला.

संशोधक : त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही महत्त्वाचा आहे. एका महासागरातली प्रबळ वादळे काढून टाकली पण दुसऱ्या महासागरातली ठेवली, तेव्हा त्या दुसरीकडच्या उदाहरणांवरून यंत्र पहिल्या महासागरातल्या प्रबळ वादळाचाही काही प्रमाणात अंदाज करू शकले. कोकणात न घडलेली घटना जगात इतरत्र तशाच परिस्थितीत घडली असेल, तर तिचा उपयोग होऊ शकतो. पाऊस सौम्य करून सांगण्याच्या दोषावरही उपाय निघाले आहेत. २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेले जेनकास्ट एकच सरासरी उत्तर देत नाही. ते पुढच्या पंधरा दिवसांच्या अनेक संभाव्य स्थिती स्वतंत्रपणे रचते, आणि अशी एक स्थिती काढायला त्याला काही मिनिटे पुरतात. शंभर शक्यतांपैकी पाचांत अतिवृष्टी दिसली तर ती पाच टक्क्यांची शक्यता म्हणून सांगता येते, आणि आपत्ती व्यवस्थापनाला तेवढी सूचनाही मोलाची असते. शेवटी, २००५ च्या त्या दिवसाची तीव्रता त्या वेळच्या भौतिक प्रारूपांनाही आधी दाखवता आली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे.

अध्यापक : ते खरेच आहे, आणि म्हणूनच पुण्यात विकसित झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली २०२५ च्या मेमध्ये १२ ऐवजी ६ किलोमीटरच्या जाळीवर आणली गेली. सह्याद्रीचा चढ, माथा आणि त्यामागचा पर्जन्यछायेचा प्रदेश हे सगळे शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात सामावलेले आहे. तेवढ्यात महाबळेश्वरचा पाऊस आणि माणदेशाचा कोरडेपणा दोन्ही येतात. डोंगराने वारा वर ढकलला की काय होते, हे बारीक जाळीवर समीकरणांनी उत्तम सांगता येते.

पेरणीचा प्रश्न

संशोधक : या वादाचा निवाडा प्रयोगशाळेपेक्षा शेतात व्हावा. कोरडवाहू शेतकऱ्याला हंगामात एकूण किती टक्के पाऊस पडेल यापेक्षा पेरणी केव्हा करावी हे आधी कळायला हवे असते. पहिल्या सरीवर विश्वास ठेवून सोयाबीन किंवा कपाशी पेरली आणि पुढे पंधरा दिवस उघडीप राहिली, तर उगवलेले करपते आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च दुप्पट होतो आणि हंगाम मागे पडतो तो वेगळाच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विभागाचा सल्ला याच भीतीपोटी असतो. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने न्यूरलजीसीएम, युरोपीय केंद्राचे यंत्रशिक्षित प्रारूप आणि हवामान विभागाच्या सव्वाशे वर्षांच्या पर्जन्यनोंदी यांची सांगड घालून स्थानिक मान्सून आगमनाचे अंदाज तयार करवले आणि तेरा राज्यांतील सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मोबाइल संदेशाने कळवले. या संदेशांच्या पाच भाषांत मराठीही होती. त्या वर्षी मान्सून २६ मे रोजीच मुंबईत येऊन दाखल झाला, नेहमीच्या ११ जूनच्या दोन आठवड्यांहून आधी, आणि त्यानंतर त्याची उत्तरेकडची वाटचाल सुमारे तीन आठवडे थबकली. हा खंड या अंदाजांनी आधी सांगितला होता. पेरणीची घाई करू नये हे सांगणारा संदेश वेळेवर पोहोचला, तर त्यामागचे गणित समीकरणाचे की शिकवलेल्या अंकांचे, याने शेतकऱ्याला फरक पडत नाही.

अध्यापक : उपक्रम स्तुत्य आहे, आणि त्यातले एक प्रारूप निम्मे भौतिकीचेच आहे याची नोंद घेऊन पुढे तीन गोष्टी मांडल्या पाहिजेत. पहिली अशी की एका हंगामाचे यश ही सिद्धी होत नाही. सोळा घटकांच्या प्रारूपाचाही आरंभीच्या वर्षांत असाच गौरव झाला होता. दुसरी अशी की शक्यता सांगणारा अंदाज लोकांना वाचता आला पाहिजे. सत्तर टक्के शक्यता म्हणजे अशा दहा प्रसंगांपैकी तीन वेळा पाऊस येणार नाही, हे स्पष्ट सांगितले नाही तर त्या तीन वेळांचा दोष अंदाजाच्या माथी येतो आणि पुढच्या वर्षी खरा संदेशही कोणी मानत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. अंदाज बरोबर आला की चुकला हे ठरवायला गावाजवळ पर्जन्यमापक लागतो. हवामान विभागाच्या पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २५ किलोमीटरच्या जाळीवरच्या पर्जन्यविदेसाठी १९०१ पासूनच्या ६,९५५ केंद्रांच्या नोंदी वापरल्या आहेत, पण ही सगळी केंद्रे सर्व काळ चालू नव्हती. महाराष्ट्रात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे बसवली गेली, हे मोठे काम झाले. तथापि यंत्र बिघडले, झाडाच्या आडोशाला आले किंवा त्यात कचरा अडकला आणि आठवडाभर कोणी पाहिलेच नाही, तर संगणक त्या चुकीच्या आकड्यावरही तितक्याच निष्ठेने शिकतो.

संशोधक : या तिसऱ्या मुद्द्यावर मतभेदाला जागाच नाही. विदाविश्लेषणात काम करणाऱ्याचा बहुतेक वेळ नोंदी स्वच्छ करण्यात जातो, आणि नोंद अशुद्ध असेल तर कितीही मोठे जाळे विणले तरी उपयोग नाही.

न पाहिलेला काळ

अध्यापक : मग शेवटच्या आणि सर्वांत गंभीर प्रश्नाकडे यावे. उद्याचा अंदाज उद्या तपासता येतो. २०७० मधल्या मान्सूनचा अंदाज आज हयात असलेल्यांपैकी अनेकांना कधीच तपासता येणार नाही. औद्योगिक युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत कर्बद्विप्राणिल वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर गेले आहेत, आणि ज्या काळाच्या काटेकोर नोंदी आहेत त्यात एवढे प्रमाण कधीच नव्हते. १९६७ मध्ये स्यूकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी प्रारण आणि अभिसरण यांच्या नियमांवरून गणित केले की हा वायू वाढला तर जमिनीलगतची हवा तापेल आणि त्याच वेळी वरचा स्थितांबराचा थर थंड होईल. असा विरुद्ध बदल कोणत्याही नोंदीत त्या वेळी दिसत नव्हता. पुढे तो मोजला गेला. १९६७ पर्यंतच्या साऱ्या नोंदी पाजल्या असत्या तरी कोणत्या यंत्राने हे उत्तर दिले असते? नियमाचे सामर्थ्य हेच आहे की तो न पाहिलेल्या स्थितीतही लागू असतो.

संशोधक : मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकीचे नोबेल मिळाले तेव्हा त्यात क्लाउस हासेलमान यांचाही वाटा होता, आणि हासेलमान यांचे मुख्य काम नोंदींच्या गोंगाटातून मानवनिर्मित तापमानवाढीची खूण वेगळी काढण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीचे होते. नियमाने भाकीत केले आणि विदाविश्लेषणाने ते खरे ठरल्याचे दाखवले. मध्य भारतातल्या अतिवृष्टीच्या घटना वाढत आहेत हे पुण्याच्याच संस्थेतून बी. एन. गोस्वामी यांनी २००६ मध्ये आणि रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१७ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवले, तेही दशकानुदशकांच्या पर्जन्यनोंदींच्या विश्लेषणातून. भविष्याबाबत यंत्राला एकटे सोडू नये हे मान्य. परंतु त्याला भौतिक प्रारूपांच्या शाळेत घालता येते. २०१९ मध्ये कोरियातील संशोधकांनी एल निनोचा अंदाज दीड वर्ष आधी देणारे न्यूरल नेटवर्क तयार केले. प्रत्यक्ष नोंदी थोड्या होत्या म्हणून त्यांनी ते आधी भौतिक प्रारूपांनी संगणकात घडवलेल्या शेकडो वर्षांच्या हवामानावर शिकवले आणि मग खऱ्या नोंदींवर घासले. यंत्र मागेही पाहू शकते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तापमानाच्या जुन्या, तुटक नकाशांतली रिकामी जागा यंत्रशिक्षणाने भरून काढली, तेव्हा जुलै १८७७ मधल्या एल निनोचे रूप त्यात उमटले. आपण आरंभी ज्या दुष्काळाचा उल्लेख केला त्याच काळातला हा एल निनो आहे.

अध्यापक : त्या नकाशाची खात्री पटते तीही एल निनोची भौतिकी ठाऊक असल्यामुळे पटते. पण हे मान्य केले पाहिजे की तशा तुटक नोंदींतून तो नकाशा समीकरणांना एकट्याने सहज काढता आला नसता.

निष्कर्ष

या संवादातील दोन्ही पक्षांना जे मान्य करावे लागले त्यातून एक स्पष्ट मर्यादारेषा निघते. ज्या प्रश्नाचे उत्तर चार दिवसांत किंवा चार आठवड्यांत तपासता येते, तेथे यंत्रशिक्षित प्रारूपाला पूर्ण वाव द्यावा, कारण तेथे उदाहरणे विपुल आहेत, चूक लगेच उघडी पडते आणि सुधारता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नोंदीत नसलेल्या काळाविषयी आहे, तेथे यंत्राच्या नाकात भौतिक नियमांची वेसण असलीच पाहिजे, आणि ती नसलेल्या भाकिताला कितीही सुबक नकाशा जोडलेला असला तरी त्यावर धरणाची उंची, शहराचे नाले किंवा पीकविम्याचे दर ठरवू नयेत. हंगामी पावसाचा अंदाज या दोहोंच्या मध्ये पडतो. वॉकर यांच्यापासून २००२ पर्यंतचा अनुभव सांगतो की तेथे सव्वाशे उदाहरणांवर शिकलेल्या कोणत्याही पद्धतीने नम्र राहावे.

यासाठी हवामान विभागाने आणि सरकारने प्रत्येक यंत्रशिक्षित अंदाजाचा ताळेबंद दरवर्षी जिल्हावार, शक्यतो तालुकावार, प्रसिद्ध करावा आणि त्यात हुकलेल्या अंदाजांचा उल्लेख बरोबर आलेल्यांइतक्याच ठळकपणे असावा. वाचकांनीही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावावर येणाऱ्या प्रत्येक अंदाजाला दोन प्रश्न विचारावेत : शिकवताना न दाखवलेल्या किती वर्षांवर तो तपासला, आणि आपल्या भागात तो कितपत खरा ठरला? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर अखेर गावच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीतूनच मिळते. म्हणून महासंगणकावर आणि न्यूरल नेटवर्कवर होणाऱ्या खर्चाआधी प्रत्येक महसूल मंडळातला पर्जन्यमापक चालू आहे, योग्य जागी आहे आणि त्याची नोंद सर्वांना खुली आहे, याची व्यवस्था झाली पाहिजे.